खुर्ची ही अमानत : कै. दादासाहेब कन्नमवार

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला हमरस्ता आपल्या जामला येऊन दुभंगतो. सरळ जाणारा हिंगणघाटवरून हैदराबादची वाट धरतो आणि डावीकडचा फाटा वरोरा, भद्रावती करीत चंद्रपूरला पोचतो. आपली मुले रोज शाळेत येता-जाता हा चौरस्ता ओलांडतात. मालमोटारी, एस. टी. गाड्या, गिरडच्या दर्ग्याकडे निघालेले भाविक, सारे इथे क्षणभर थांबतात आणि आपापल्या दिशेने पांगतात. ह्या डाव्या फाट्याच्या टोकाला असलेल्या गावातून निघालेला एक गरीब घरचा माणूस पुढे महाराष्ट्र राज्याचा मुख्यमंत्री झाला, आणि अवघे एक वर्ष चार दिवस त्या पदावर राहून पदावर असतानाच मरण पावला. त्यांचे नाव कै. मारोतराव सांबशिव कन्नमवार. लोक त्यांना आदराने दादासाहेब म्हणत.

त्यांच्या चरित्राबरोबरच त्यांच्या मृत्यूनंतरच्या दहा दिवसांची हकीकतही सांगण्याचे येथे योजिले आहे. माणूस मोठा कसा झाला हे आपण मुलांना नेहमी सांगतो. तो अचानक गेल्यावर त्याचे काम कोणी आणि कसे उचलले, हे मात्र क्वचितच सांगतो. शिक्षणसंस्था चालविणाऱ्या समाजाला पहिल्या गोष्टीइतकीच दुसरीही माहीत असली पाहिजे.

दादासाहेबांचा जन्म १० जानेवारी १९०० रोजी चांदा येथे झाला. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाचे हे शहर. भोवती सागवानाचे दाट जंगल, जमिनीखाली कोळसा, आणि मराठीच्या बरोबरीने कानावर पडणारी तेलुगू व गोंडी बोली. कन्नमवार ह्या आडनावातील शेवटचे ‘वार’ त्या सरहद्दीच्या मुलुखाची खूण सांगते. त्यांचा समाज बेलदारांचा. दगड फोडावा, माती वाहावी, दुसऱ्यांची घरे बांधावी आणि काम संपले की पुढच्या गावाची वाट धरावी, असे ह्या समाजाचे पिढ्यान् पिढ्यांचे जिणे. महाराष्ट्रात आज भटक्या जमातींच्या यादीत ज्यांची गणना होते, त्यांपैकी हा एक समाज होय. पाठीशी जमीनजुमला नाही, घराण्याचे नाव नाही. घरच्या गरिबीमुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे होऊ शकले नाही. उमेदीच्या वयात वृत्तपत्रे विकून त्यांनी चार पैसे मिळविले. एकेकाळी रस्त्यावर ज्यांची विक्री केली, त्याच पत्रांत पुढे आपले नाव मोठ्या अक्षरांत छापले जाईल, हे त्या मुलाच्या स्वप्नातही आले नसेल.

त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडातले पुढारी बहुधा दोन वर्गांतून येत. एक वकिलांचा आणि दुसरा मालगुजारांचा. ज्याच्याकडे सनद नाही आणि गावही नाही, अशा माणसाला सार्वजनिक जीवनाचे दार जवळजवळ बंदच असे. ते दार उघडले स्वातंत्र्याच्या चळवळीने. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या अधिवेशनाने काँग्रेसची घटना बदलली, चार आणे वर्गणी देईल त्याला सभासद करून घेण्याचे ठरविले आणि भाषांच्या आधाराने प्रांतिक कमिट्या उभ्या केल्या. गरिबाच्या पोराला पक्षाच्या घरात पाऊल ठेवता आले ते ह्या चार आण्यांच्या जोरावर. पुढे १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह, १९३० चा जंगल सत्याग्रह आणि १९४२ चे आंदोलन ह्यांनी हा सगळा मुलूख ढवळून निघाला. चांदा जिल्ह्यातले चिमूर तर १९४२ च्या ऑगस्टमध्ये देशभर गाजले. आपल्या वर्धा-सेवाग्रामला महात्माजींचे वास्तव्य होते आणि सगळ्या देशाचे पुढारी इथे येत-जात. कन्नमवार ह्याच वातावरणात कार्यकर्ते म्हणून घडले. त्यांनी तुरुंगवास भोगला, खेडोपाडी हिंडून सभासद जमविले आणि सभांच्या तयारीपासून हिशेबाच्या वहीपर्यंतची सारी कामे केली.

त्यांच्या मोठेपणाचे मर्म ह्या कामात आहे. भाषण करणारे पुष्कळ असतात. संघटना बांधणारे थोडे. जुन्या रचनेप्रमाणे वऱ्हाडच्या चार जिल्ह्यांची प्रांतिक काँग्रेस कमिटी वेगळी होती आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा ह्या मराठी जिल्ह्यांची नागपूरची कमिटी वेगळी. म्हणजे आपले हिंगणघाट, समुद्रपूर आणि जामही नागपूरच्या कमिटीच्या हद्दीत येत. ह्या नागपूर प्रदेश काँग्रेसचे कन्नमवार अनेक वर्षे अध्यक्ष होते. कोणत्या गावात कोण काम करतो, कोणाचे कोणाशी पटत नाही आणि कोणाला कोणते काम सांगावे, ही माहिती अध्यक्षाला तोंडपाठ असावी लागते. शाळा-कॉलेजच्या पदवीने न मिळणारे हे ज्ञान त्यांनी पायांनी हिंडून मिळविले.

१९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. चांदा जिल्ह्यातल्या मूल-सावलीच्या भागाने त्यांना विधानसभेवर पाठविले आणि पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात ते आरोग्यमंत्री झाले. त्या वेळी मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती. त्यानंतर विदर्भाचे भवितव्य काय, हा प्रश्न उभा राहिला. १९५३ साली नागपूर करार झाला. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. नागपूरची राजधानी गेली, आणि कन्नमवारांसारख्या पुढाऱ्यांना अनोळखी मुंबईत नव्याने सुरुवात करावी लागली. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात ते आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाल्यावरही मंत्री राहिले. आरोग्य, बांधकाम अशी लोकांच्या रोजच्या गरजेची खाती त्यांनी सांभाळली. ज्यांच्या समाजाने पिढ्यान् पिढ्या रस्त्यासाठी खडी फोडली, त्या समाजाचा माणूस राज्याच्या रस्त्यांचा कारभार पाहू लागला, ही गोष्ट लहान नाही.

मधल्या काळातली एक घटना इथे नोंदविली पाहिजे. विदर्भ मुंबई राज्यात गेल्याला दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३१ डिसेंबर १९५६ रोजी पंडित रविशंकर शुक्ल पदावर असतानाच वारले. नव्या मध्यप्रदेशचे पहिले मुख्यमंत्री होऊन त्यांना पुरते दोनच महिने झाले होते. भगवंतराव मंडलोई यांनी महिनाभर कारभार पाहिला आणि १९५७ च्या जानेवारीअखेर डॉ. कैलासनाथ काटजू मुख्यमंत्री झाले. आपल्या जुन्या नेत्याच्या बाबतीत जे घडले, तेच सात वर्षांनी आपल्याही बाबतीत घडणार आहे, ह्याची कन्नमवारांना काय कल्पना असणार!

१९६२ साल उजाडले. फेब्रुवारीच्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. यशवंतराव चव्हाणांचे नेतृत्व भक्कम होते आणि दुसऱ्या कोणाचा विचारही कोणी करीत नव्हते. पण २० ऑक्टोबरला चीनने सरहद्दीवर मोठा हल्ला चढविला. आपल्या सैन्याला माघार घ्यावी लागली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि पंडित नेहरूंनी त्या जागी यशवंतरावांना दिल्लीला बोलावून घेतले. महाराष्ट्राची खुर्ची रिकामी झाली. २० नोव्हेंबर १९६२ रोजी मारोतराव कन्नमवारांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

त्यांचीच निवड का झाली? ते मंत्रिमंडळातले ज्येष्ठ सहकारी होते आणि पक्षसंघटनेत त्यांचे आयुष्य गेले होते, हे एक कारण. दुसरे असे की महाराष्ट्र राज्य होऊन अडीच वर्षेच झाली होती. आपण मुंबईच्या दाराशी पोरके झालो, अशी सल विदर्भाच्या मनात होती. विदर्भाचा माणूस मुख्यमंत्री झाल्याने ती सल कमी होईल, हा विचार त्या निवडीमागे होता. आणि ते कोणत्याही बड्या गटाचे किंवा बहुसंख्य जातीचे नव्हते, हीसुद्धा त्या वेळी अडचण न ठरता जमेची बाजू ठरली.

त्यांना मिळालेला काळ सुखाचा नव्हता. देशात आणीबाणी जाहीर झालेली होती. संरक्षण निधीसाठी गावोगाव पैसे आणि सोने गोळा होत होते. बायाबापड्या अंगावरचे दागिने काढून देत होत्या. राज्याच्या विकासाच्या योजना एकीकडे आणि युद्धाची तयारी दुसरीकडे, अशी ओढाताण होती. त्या काळच्या युद्धतयारीतूनच पुढे चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावतीला आयुध निर्माण कारखाना उभा राहिला. दरम्यान मुंबईत आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’तून त्यांच्यावर बोचरी टीका होत असे. चव्हाणांसारख्या व्यासंगी आणि वक्तृत्वसंपन्न नेत्याच्या जागी आलेल्या ह्या अल्पशिक्षित माणसाशी प्रत्येक जण तुलना करी, आणि तुलनेत त्यांचे पारडे हलके ठरविले जाई. ही तुलना न्यायाची नव्हती. ज्याला सहा वर्षे मिळाली त्याच्याशी, ज्याला एकच वर्ष मिळाले त्याची बरोबरी कशी करणार? कन्नमवारांच्या कारकिर्दीत फार मोठे कायदे किंवा योजना शोधू गेल्यास हाती थोडेच लागेल, हे कबूल केले पाहिजे. पण घरचा कर्ता एकाएकी दूर गेल्यावर घर विस्कटू न देणे, हेही कामच आहे, आणि ते त्यांनी केले.

आता १९६३ च्या नोव्हेंबरातला तो आठवडा पाहू. २२ नोव्हेंबर, शुक्रवार. त्या दिवशी काश्मीरमध्ये पूंछजवळ हेलिकॉप्टर कोसळून लेफ्टनंट जनरल दौलतसिंग यांच्यासह आपले वरिष्ठ लष्करी अधिकारी मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी अमेरिकेत डल्लास शहरी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची गोळ्या घालून हत्या झाली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र होती. ह्या बातम्यांची शाई वाळते न वाळते तोच, २४ नोव्हेंबरला रविवारी, मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार मुंबईत निधन पावल्याचे वृत्त महाराष्ट्रभर पसरले. वय त्रेसष्ट. वर्षभरापूर्वी चांद्याच्या ज्या घरांत पेढे वाटले गेले, तिथे चुली पेटल्या नसतील. पदावर असताना मरण आलेले महाराष्ट्राचे ते पहिले मुख्यमंत्री, आणि त्यांच्यानंतर आजवर अशी वेळ राज्यावर पुन्हा आलेली नाही.

विद्यार्थी मित्रांनी इथे थोडे थांबून एक फरक समजून घ्यावा. केनेडींच्या मृत्यूनंतर दोन-अडीच तासांच्या आत उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी विमानातच शपथ घेतली. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे वारस आधीच ठरलेला असतो. लोकांनी त्याला त्याच निवडणुकीत निवडून दिलेले असते. आपली रीत निराळी आहे. आपल्या घटनेच्या १६४ व्या कलमाप्रमाणे राज्यपाल मुख्यमंत्र्यांची नेमणूक करतात आणि मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची. उपमुख्यमंत्री म्हणून एखाद्याला नेमतात खरे, पण घटनेत अशा पदाचा उल्लेख नाही आणि वारसाचा तर नाहीच. मुख्यमंत्री गेला की सारे मंत्रिमंडळच निराधार होते. विधानसभेत बहुमत असलेल्या पक्षाच्या आमदारांनी एकत्र बसून नवा नेता निवडायचा आणि राज्यपालांनी त्याला शपथ द्यायची, अशी वहिवाट आहे. हे होईपर्यंत राज्य एक दिवसही मुख्यमंत्र्याविना राहू नये म्हणून एखाद्या ज्येष्ठ मंत्र्याकडे तात्पुरता कारभार सोपवितात.

त्याप्रमाणे २५ नोव्हेंबरला परशुराम कृष्णाजी उर्फ बाळासाहेब सावंत यांनी सूत्रे हाती घेतली. बाळासाहेब कोकणचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. ४ डिसेंबरपर्यंत, म्हणजे अवघे दहा दिवस, ते मुख्यमंत्री होते. ज्याच्या हाती खुर्ची आली त्याने ती घट्ट धरून ठेवावी, अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात पोत्याने सापडतील. बाळासाहेबांनी सोपविलेले काम पार पाडले आणि ठरल्या वेळी बाजूला झाले. दहा दिवसांच्या मुख्यमंत्र्याचे नाव कोण लक्षात ठेवणार, असे वाटेल. पण दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

दरम्यान पक्षात मशवरा चालला होता. मनात इच्छा बाळगणारे अनेक होते आणि त्यात काही गैर नव्हते. शेवटचा शब्द दिल्लीत असलेल्या यशवंतराव चव्हाणांचा होता, हेही लपविण्यात अर्थ नाही. त्यांचा कौल महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या बाजूने पडला, पक्षाच्या आमदारांनी त्यांना नेता निवडले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईकांनी शपथ घेतली. ज्यांची संधी हुकली, त्यांनी वेगळी चूल मांडली नाही. बाळासाहेब देसाईंसारखे मातब्बर नेते नाईकांच्याच मंत्रिमंडळात काम करीत राहिले.

वसंतराव नाईक म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदजवळच्या गहुली गावचे. समाज बंजारा, एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा. मात्र त्यांनी शिक्षण घेतले, वकिलीची सनद मिळविली, १९४६ साली पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार झाले, आणि सहकार, शेती, महसूल अशी खाती एकामागून एक सांभाळीत वर आले. ज्या समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, त्या समितीचे अध्यक्ष तेच होते. म्हणजे बेलदार समाजाच्या माणसाने रिकामी केलेल्या खुर्चीवर बंजारा समाजाचा माणूस बसला. दोघेही विदर्भाचे, दोघेही भटक्या समाजांतले, आणि कोणालाही ती जागा घराण्याकडून मिळालेली नव्हती. नाईक २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून अधिक काळ, मुख्यमंत्री राहिले. इतकी सलग कारकीर्द महाराष्ट्रात त्यांच्यानंतर कोणाला लाभली नाही. १९७२ चा भीषण दुष्काळ, संकरित बियाणे, कृषी विद्यापीठे, रोजगार हमी, हे सारे त्यांच्या काळातले. शोकात घेतलेला निर्णय घाईचा ठरतो असे म्हणतात. हा ठरला नाही, कारण निवडलेला माणूस पंधरा-सोळा वर्षे कामाच्या मुशीतून निघालेला होता.

दादासाहेबांच्या घरातून पुढे कोणीच आले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांच्या पत्नी ताई कन्नमवार १९६४ साली पोटनिवडणुकीत चांद्याहून लोकसभेवर निवडून गेल्या. लोकांच्या मनातल्या आदराचा वाटा त्यात असणारच. पण त्यांना मतदारांपुढे जावे लागले, आणि राज्याची खुर्ची काही त्या घरी गेली नाही. दहा वर्षांनी गोव्यात वेगळे घडले. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे नेते आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी एकाएकी वारले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री झाल्या. त्या आधीपासून आमदार आणि मंत्री होत्या, १९७९ पर्यंत त्यांनी कारभार केला, त्यांच्या कर्तबगारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एका माणसाभोवती उभा राहिलेला तो पक्ष पुढे पूर्वीच्या बळाने उभा राहू शकला नाही. वारस घरातला की बाहेरचा, हा खरा प्रश्नच नव्हे. संस्थेत एकापेक्षा अधिक माणसे तयार आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

देशालाही लौकरच ह्या परीक्षेला बसावे लागले. कन्नमवार गेल्यावर सहा महिन्यांनी, २७ मे १९६४ रोजी, पंडित नेहरू गेले. नेहरूंनंतर कोण, ही चिंता जगभरची वृत्तपत्रे करीत होती. गुलझारीलाल नंदा यांनी काही दिवस कारभार पाहिला आणि लालबहादूर शास्त्री शांतपणे पंतप्रधान झाले. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला शास्त्रीजींचे अकस्मात निधन झाले. पुन्हा नंदा आले, पुन्हा पक्षाच्या खासदारांनी नेता निवडला. ह्या वेळी तर उघड मतदान होऊन इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव केला. आपल्या शेजारच्या देशांत त्याच काळात सत्ताबदल बंदुकीच्या जोरावर होत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या साध्या वाटणाऱ्या रीतीची किंमत कळते.

पालक बंधू-भगिनींनो, ही सारी हकीकत शाळेच्या स्मरणिकेत कशासाठी, असे आपण विचाराल. ती अशासाठी की मुख्यमंत्र्याची खुर्ची आणि शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षाची खुर्ची ह्यांत लहानमोठेपणाचा फरक असेल, जातीचा नाही. दोन्ही अमानत आहेत. आपल्या दीनमध्ये अमानतीला केवढे स्थान आहे आणि मशवऱ्याची केवढी ताकीद आहे, हे आपल्याला सांगायला नको. तरीही आपल्या समाजात काय दिसते? एखादा तळमळीचा माणूस दारोदार फिरून चंदा जमवितो, जागा मिळवितो, शाळा उभी करतो. वीस-पंचवीस वर्षे सही त्याची, किल्ली त्याच्याकडे, हिशेब त्याच्या डोक्यात. एके दिवशी तो अचानक अल्लाला प्यारा होतो. चाळिसावा होण्याआधीच दोन तट पडतात. एक तट म्हणतो मुलगा, दुसरा म्हणतो उपाध्यक्ष. बँकेतले खाते अडते, शिक्षकांचे पगार अडतात, प्रकरण धर्मादाय आयुक्तांकडे आणि तिथून कोर्टात जाते. भांडणारे दोन्ही तट संस्थेच्या भल्याचीच भाषा करतात, आणि नुकसान होते ते दहावीच्या वर्गात बसलेल्या पोरीचे, जिचे वर्ष परत येत नाही.

हे टाळण्याचे उपाय फार अवघड नाहीत. संस्थेची घटना सभासदांनी वाचलेली असावी. वार्षिक सभा वेळेवर व्हावी आणि इतिवृत्त त्याच वेळी लिहिले जावे. बँकेतले व्यवहार एकट्याच्या सहीवर चालू नयेत. विश्वस्तांमध्ये बदल झाला की त्याची नोंद नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे करण्याचे बंधन सार्वजनिक विश्वस्त कायद्यात आहे. तो बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून राहू नये. आणि मुख्य म्हणजे तरुण मुलामुलींना, विशेषतः शिकून परत आलेल्यांना, आताच कामाला लावावे. कन्नमवारांनी नागपूरच्या कमिटीत आणि नाईकांनी पुसदच्या नगरपालिकेत जी उमेदवारी केली, ती त्यांना कोणीतरी करू दिली, म्हणून ते वेळेला उपयोगी पडले. ज्या घरात सारी कामे दादाच करतो, तिथे दादा गेल्यावर दिवा लावायची काडीही सापडत नाही.

ज्यांना वाटते की बोलावले नाही तर आपण कशाला जावे, त्या पालकांनाही एक विनंती आहे. चार आण्यांच्या सभासदाने एका बेलदाराच्या मुलाला प्रांताध्यक्ष केले. सभासदाची वर्गणी ही नुसती देणगी नसते. तो हक्क असतो आणि जबाबदारीही. वार्षिक सभेला या, हिशेब विचारा, आणि विचारताना आवाज न चढविता विचारा. विश्वासू माणसाला हिशेब विचारल्याने राग येत नाही, उलट त्याचे ओझे हलके होते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगणे. दादासाहेबांना शाळा पुरती मिळाली नाही आणि त्याची उणीव त्यांच्या टीकाकारांनी त्यांना विसरू दिली नाही. शिक्षणाविना ते मोठे झाले म्हणून शिक्षण नको, असा उफराटा अर्थ कोणी काढू नये. ज्यांच्या मागे घराणे नाही आणि पैसा नाही, अशांना आज ती वाट मोकळी आहे ती शाळेतूनच. त्यांच्या नंतर आलेल्या वसंतरावांनी ती धरली होती. दोघांची चरित्रे शेजारी ठेवून वाचा, म्हणजे फरक कळेल आणि साम्यही कळेल.

मुंबईत विक्रोळीला कन्नमवारनगर नावाची मोठी वसाहत आहे. तिथे राहणाऱ्या कामगारांच्या मुलांना ते नाव कोणाचे, हे ठाऊक असेलच असे नाही. आपल्याला मात्र ठाऊक असावे, कारण ते आपल्या शेजारचे. पुढच्या वेळी जामच्या चौरस्त्यावर चंद्रपूरकडे वळणारी एस. टी. दिसली, तर क्षणभर त्या वाटेकडे पाहा. त्या वाटेने एक माणूस काहीही पाठीशी नसताना निघाला, राज्याच्या सर्वांत मोठ्या जागेवर पोचला, आणि अर्ध्यावर उठून गेला. त्याची जागा दहा दिवसांत भरली गेली. त्यात त्याचा अपमान नव्हता. मागे काम पुढे नेणारी माणसे असावीत, ह्याहून चांगली मिळकत कोणता माणूस ठेवून जाऊ शकतो?